सावळ्या अंगावरचं पुरळ कोण पाहणार?

कोरोना फुप्फुसाचा रोग म्हणून आला, पण तो कातडीवरही उठतो हे २०२०च्या मार्चमध्येच समोर आलं होतं. इटलीत लेक्कोच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ८८ रुग्ण पाहिले. १८ जणांच्या अंगावर काही ना काही उठलेलं होतं. बहुतेकांना लालसर पुरळ, तिघांना गांधी, एकाला कांजण्यांसारखे फोड. पुढच्याच महिन्यात स्पेनच्या त्वचारोगतज्ज्ञांनी ३७५ रुग्णांवरून पाच नमुने मांडले. आपल्याकडे अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत प्रश्न तेच राहिले: ताप आहे का, खोकला आहे का, दम लागतो का. १३ जूनला केंद्राने वास आणि चव जाणं यादीत घेतलं. कातडी बाहेरच राहिली.

तो जून कसा होता, हे या किनाऱ्याला विचारा. ३ तारखेला निसर्ग वादळ इथेच आदळलं. घरांवरचे पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, कित्येक गावांत आठवडे न् आठवडे वीज नव्हती. वर भातलावणीचे दिवस. चिखलात उभं राहून पायांच्या बेचक्यांत चिखल्या होतातच. मग कोरोनाने पायाची बोटं सुजली, जांभळी पडली, तरी बाई चिखल्याच म्हणणार. अंगावर गांधी उठल्या की पित्त म्हणायचं आणि आमसुलाचं पाणी लावायचं, हे घरोघरचं. याला कुणी अडाणीपणा म्हणू नये. विषाणूमुळे उठलेली गांध आणि एरवीची गांध डोळ्यांना सारखीच दिसते. शिवाय प्रत्येक पुरळ कोरोनाचं नसतंच. ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीत बाधा निघालेल्यांपैकी ८.८ टक्क्यांना पुरळ होतं, तसं न निघालेल्यांपैकीही ५.४ टक्क्यांना होतं. म्हणूनच पुरळासोबत ताप आहे का, घरात कुणी आजारी आहे का, हे विचारणारं माणूस हवं होतं.

आणि विचारलं असतं, तरी ताडून पाहायला फोटो कुणाचे होते? कोरोनाच्या त्वचालक्षणांवरच्या ३६ लेखांतले १३० फोटो २०२०मध्येच कुणीतरी मोजले. १२० गोऱ्या कातडीचे. सर्वांत गडद दोन वर्णांचा एकही नाही. आमच्या कोळी, आगरी, कातकरी माणसांच्या उन्हाने रापलेल्या अंगावर पुस्तकातली गुलाबी लाली दिसत नाही. ती काळपट, जांभळट दिसते, कधी फक्त हाताला गरम लागते. ती शोधायची तर तळवे, ओठांची आतली बाजू, पापणीच्या आतला भाग पाहावा लागतो. गोऱ्या पायाचा फोटो शिकवून सावळ्या पायाची तपासणी करायला सांगणं हा अन्याय आहे, रुग्णावरही आणि डॉक्टरवरही. बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या यंत्रातही तोच दोष निघाला. २०२०च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या अभ्यासाने दाखवलं की रक्तातला ऑक्सिजन खरोखर घसरलेला असताना यंत्र ठीक आकडा दाखवतं, हे गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत जवळजवळ तिप्पट वेळा घडत होतं.

आपल्याकडे पाहणारे नाहीत, असं मी ऐकून घेणार नाही. याच रायगडात महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाचे रुग्ण उशाशी बसून न्याहाळले. दरदरून सुटलेला घाम, गार पडलेले हातपाय या खुणांचा अर्थ लावला आणि १९८२ साली तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. एका ग्रामीण डॉक्टरच्या नजरेने हे झालं. मग कोरोनाच्या लाटांत या किनाऱ्यावरच्या कातडीची नोंद ठेवायला कुणी का सांगितलं नाही?

यात सगळ्यात मोठा धोका पोरांना होता. कोरोना होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी काही मुलांना पुन्हा ताप चढतो, अंगावर पुरळ येतं, डोळे लाल होतात, ओठ-जीभ लाल होऊन ओठ फुटतात. हृदयावर सूज येऊ शकते. अशा मुलाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं असतं, आणि त्या वेळी पुरळ ओळखणारी पहिली व्यक्ती आई असते, दुसरी आशाताई.

तेव्हा जिल्ह्याच्या आरोग्य विभागाकडे मागणी साधी आहे. गोवर, डेंगी, पित्त, कोरोनानंतरचं मुलांचं पुरळ, सगळ्यांचे फोटो आपल्या वर्णाच्या माणसांचे, त्यांची परवानगी घेऊन, चेहरा न दाखवता काढा. छापा. मुरूड, म्हसळा, उरणच्या प्रत्येक आशाताईच्या पिशवीत आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर ते पुढच्या साथीच्या आधी पोचले पाहिजेत.