काय करत न्हाई ओ!
कोल्हापुरातल्या श्वानमालकांसाठी नऊ कलमी मार्गदर्शिका

कोल्हापुरात कुत्रं पाळत नाहीत, कुत्र्याचा नाद करतात. तालमीचा नाद, फुटबॉलचा नाद, तसाच हा. नादाला नियम लावणं म्हणजे पांढऱ्या रश्श्यात साखर घालण्यासारखं आहे, याची आम्हाला कल्पना आहे. तरीही रंकाळ्यावर रोज सकाळी जे दिसतं आणि पायाला जे लागतं, ते पाहता ही मार्गदर्शिका काढण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. मालकांनी ती कट्ट्यावर बसून मोठ्यानं वाचावी आणि शेजारच्याला उद्देशूनच लिहिली आहे असं समजावं.

कलम १. जात निवडणे

शेजाऱ्याच्या कुत्र्यापेक्षा आपलं वीतभर उंच असावं, हा मूळ सिद्धान्त. त्यानं लॅब्राडॉर आणलं की आपण ग्रेट डेन आणावं. मग तो सैबेरियन हस्की आणतो. हस्की हे बर्फात गाडी ओढण्यासाठी घडलेलं जनावर. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ते जिभेनंच पंखा मारत बसतं. मग घरात एसी येतो. आजीनं दहा वर्षं मागितलेला एसी असा कुत्र्याच्या पुण्याईनं येत असेल, तर आमचा विरोध नाही.

ज्यांना हे परवडत नाही त्यांनी मुधोळ हाउंड बघावं. आपल्याकडं त्यालाच कारवान म्हणतात. मूळ गाव शेजारच्या कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात. उन्हाची सवय जन्मजात. २००५ साली टपाल खात्यानं त्याच्यावर तिकीटही काढलं. दोष एकच. त्याला रोज मोकळं पळायला लागतं आणि त्यासाठी पहाटे मालकाला उठावं लागतं.

कुत्र्याच्या वंशावळीचा कागद मिळाल्यास तो फ्रेम करून हॉलमध्ये लावावा. स्वतःच्या पणजोबांचं नाव आठवत नसलं तरी कुत्र्याच्या पणजोबांचं पाठ असावं.

कलम २. आहार

रविवारी घरात मटण शिजतं. कुत्रं दारात बसून अशा नजरेनं बघतं की कोल्हापुरी माणसाचं काळीज हलतं आणि तांबड्या रश्श्यात कालवलेली भाकरी त्याच्यापुढं जाते. या प्रेमात कांदा आणि लसूण असतो. दोन्हींतले गंधकयुक्त घटक कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. परिणाम लगेच दिसत नाही. दोन-चार दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद होते, कुत्रं मलूल होतं. तोवर मालक "बाहेरचं काय तरी खाल्लंय" या निष्कर्षाला आलेला असतो. थोडक्यात, रस्सा तांबडा असला तरी कुत्रं पांढरं होतं.

लसणाची फोडणी दिलेलं भडंग, द्राक्षं, बेदाणे आणि चॉकलेट हेही कुत्र्याला न द्यायच्या यादीत. शिजलेलं हाड फुटून त्याची अणकुचीदार कपची होते आणि ती घशात किंवा आतड्यात रुतते. द्यायचंच असेल तर बिनमसाल्याचं, बिनकांद्याचं, बिनहाडाचं उकडलेलं मटण वेगळं काढून ठेवावं. असलं अळणी खाणं पानात वाढताना मालकाला यातना होतील. त्या सोसाव्यात.

कलम ३. पायताण

तीन-चार महिन्यांचं झालं की पिल्लाचे दुधाचे दात पडायला लागतात, हिरड्या शिवशिवतात आणि त्याला चामडं हवं असतं. नेमकं त्याच गावात ते राहत असतं, ज्या गावाच्या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पिल्लाला मानांकन कळत नाही, वास कळतो. चप्पल उंच फळीवर ठेवावी आणि चावायला रबरी खेळणं द्यावं. गिळलेला चामड्याचा तुकडा आतड्यात अडकला तर ऑपरेशनचा खर्च चपलेच्या कित्येक जोडांएवढा होतो.

कलम ४. पट्टा

या कलमासाठी थोडा इतिहास. कोल्हापूर दरबाराकडं पूर्वी शिकारी चित्ते होते. आफ्रिकेतून चित्ते आणून इथं काळविटाच्या शिकारीसाठी शिकवत. जमिनीवर सगळ्यांत वेगानं पळणारं हे जनावर बाहेर काढताना त्याच्या डोळ्यांवर टोपडं असे, कमरेला-गळ्याला दोर असे आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला चित्तेवान असे. त्या चित्तेवानानं "सोडतो तसाच, काय करत न्हाई ओ" असं म्हटल्याचं कुठं ऐकिवात नाही.

आज त्याच गावात चाळीस किलोचं रॉटवायलर मोकळं येतं. पट्टा असतो, पण मालकाच्या गळ्यात. समोरचे आबा कट्ट्यावर चढतात. त्यावर खालील संवाद होतो.

"भिऊ नका आबा, काय करत न्हाई ते."

"मग त्याला सांग, मीबी काय करत न्हाई. दोघंबी आपापल्या घरला जातो."

पट्टा दीड-दोन मीटरचा, मजबूत आणि मालकाच्या हातात असावा. कुत्र्याच्या गळ्यात नाव आणि फोन नंबर कोरलेला बिल्ला असावा. आबा कट्ट्यावर चढले तर त्यांना भित्रा समजू नये. त्यांनी चित्तेवानाच्या गावचा शहाणपणा सांभाळलाय, इतकंच.

कलम ५. सकाळचा विधी

कुत्र्याला जागा निवडायला वेळ लागतो. त्या वेळात मालकानं रंकाळ्याच्या पाण्याकडं बघत निसर्गप्रेमात बुडावं, ही प्रचलित पद्धत. विधी आटोपला की पावलं झपझप पडू लागतात. ही पद्धत रद्द करण्यात येत आहे. कुत्र्याच्या विष्ठेतून जंतांची अंडी मातीत जातात, मातीत खेळणाऱ्या पोराच्या हातातून पोटात जातात. खिशात कालच्या वर्तमानपत्राचा कागद ठेवावा, उचलावं आणि कचरापेटीत टाकावं. पुरवणीचं पान उत्तम. ते कुणी वाचलेलं नसतं. पिल्लाला आणि मोठ्या कुत्र्याला डॉक्टरांच्या सल्ल्यानं वेळच्या वेळी जंताचं औषध द्यावं.

कलम ६. अंघोळ आणि गोचीड

कुत्र्याला आपल्या साबणानं रोज घासू नये. त्याच्या कातडीचा पोत वेगळा असतो, ती कोरडी पडून खाजू लागते. तीन-चार आठवड्यांतून एकदा कुत्र्याच्या शाम्पूनं अंघोळ पुरे. कान मात्र कोरडे करावेत.

गोचीड दिसली की घरातले चार वैद्य जागे होतात. एक रॉकेल आणतो, एक फिनेल, एक तंबाखूचं पाणी आणि चौथा थेट गोठ्यातून म्हशीचं औषध. या चौघांनाही अंगणात बसवून चहा पाजावा आणि कुत्र्याला जनावरांच्या डॉक्टरकडं न्यावं. गोचिडीमुळं होणारा ताप रक्त खातो. तो घरगुती उपायांच्या आवाक्यातला नाही. घरात मांजर असेल तर आणखी सांभाळावं. कुत्र्याच्या गोचीडनाशकातलं पर्मेथ्रिन मांजराच्या जिवावर उठतं.

अंघोळीचा आदर्शच बघायचा असेल तर दिवाळी पाडव्याला गवळ्याच्या दारात जावं. घासूनपुसून, शिंगं रंगवून, सजवून उभी केलेली म्हैस मालकाच्या मोटरसायकलमागं हाकेसरशी पळते. ही ओळख वर्षभर रोज पहाटे उठून जमलेली असते. आपलं कुत्रं तीन हाका मारूनही येत नाही, यावर विचार करावा.

कलम ७. डॉल्बी

आपण ज्याला डॉल्बी म्हणतो ती मिरवणुकीतली भिंत माणसाच्या छातीत धडकते. कुत्र्याचा कान आपल्यापेक्षा कितीतरी बारीक. आपल्याला ऐकूच न येणारे आवाजही त्याला येतात. त्यामुळं विसर्जनाच्या दिवशी आणि फटाक्यांच्या रात्री त्याला आतल्या खोलीत, खिडक्या लावून, ओळखीच्या माणसाजवळ ठेवावं. "सवय होऊ दे त्याला" म्हणून महाद्वार रोडला नेऊ नये. घाबरलेलं कुत्रं पट्टा तोडून पळतं आणि मग मालक रात्रभर त्याच्या नावानं हाका मारत फिरतो.

कलम ८. पिल्लांचं पोतं

कुत्रीला सात पिल्लं झाली. दोन पाहुण्यांनी नेली. पाच उरली. रात्री पोत्यात घालून कागलच्या रस्त्याला सोडून यायची आणि सकाळी "शेतावर दिली" असं सांगायचं, ही रीत गावानं गुपचूप मान्य केली आहे. पाळीव जनावर असं टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. चमचमीत मिसळीपेक्षा क्रूरता स्वस्त ठेवणारा हा कायदा आहे, तेव्हा दंडाच्या भीतीवर विसंबू नये. नसबंदी करून घ्यावी. आपल्या जनावराबाबत हयगय करून दुसऱ्याच्या जिवाला धोका केला, तर मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिने कैद होऊ शकते.

कलम ९. चावा

एवढं सगळं करूनही कुत्रं चावतं, कारण त्याला दात असतात. तेव्हा हळद, चुना, मिरचीपूड यांपैकी काहीही जखमेवर लावू नये. ठेचा जेवणातच ठेवावा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवावी आणि सीपीआर रुग्णालय किंवा जवळचा सरकारी दवाखाना गाठावा. पोटात चौदा इंजेक्शनं देण्याचे दिवस कधीच गेले. आता लस दंडात देतात, पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त आलेलं असेल तर जखमेत वेगळं औषधही टोचावं लागतं, ते टाळू नये.

कुत्र्याला रेबीजची पहिली लस तीन महिन्यांच्या सुमारास आणि पुढं डॉक्टर सांगतील तशी, बहुतेक दर वर्षी. ती दिल्याचं एक कार्ड मिळतं. ते घरात कुठं आहे हे सहसा कुणाला ठाऊक नसतं.

रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. म्हणून आज घरी गेल्यावर एवढंच करा: हॉलमधल्या त्या वंशावळीच्या फ्रेमशेजारी आणखी एक खिळा ठोका, कार्ड शोधून तिथं अडकवा आणि त्यावरची पुढची तारीख वाचा. ती उलटून गेली असेल, तर "काय करत न्हाई ओ" हे वाक्य आजपासून बंद.