चूंकि आणि लिहाजा

माझे वडील भालकीच्या तहसील कचेरीसमोर, निंबाच्या सावलीत, लाकडी पेटीवर कागद ठेवून अर्जनवीशी करीत. आणि अर्ज बांधाच्या तंट्याचा असो की सारामाफीचा, ‘चूंकि’, म्हणजे ‘ज्याअर्थी’, या उर्दू शब्दाने आरंभून, अर्जदाराचे तीन पिढ्यांचे दारिद्र्य, पर्जन्याची अवकृपा, भाऊबंदांची कुटिलता आणि उजव्या बाजूच्या बैलाचा अकाली मृत्यू या सर्वांना एकाच दाव्याला बांधून जेव्हा ते ‘लिहाजा’च्या, म्हणजे ‘त्याअर्थी’च्या, उंबरठ्याशी येत व शेवटी एकदाचे क्रियापदाला हात घालीत, तेव्हा वाचणाऱ्या पेशकाराच्या डोळ्यांत पाणी तरी आलेले असे, नाही तर झोप तरी. वाक्य एकच, पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही. त्यात नवल ते काय? वडिलांचा हात मोडीवर बसलेला. आमच्या मोडीत शब्दाशब्दांत अंतर सोडण्याचीही चाल नव्हती, आणि मराठीत विरामचिन्हे आणण्याचे श्रेय ज्या मेजर कँडीसाहेबांना दिले जाते, त्यांचा हुकूम निंबाच्या सावलीपर्यंत कधीच पोचला नव्हता.

निजामी दफ्तराची भाषा उर्दू. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातले अध्यापनसुद्धा उर्दूतच चाले, मग तहसिलीची काय कथा! पण 1948 च्या सप्टेंबरात ती राजवट संपली, आणि 1 नोव्हेंबर 1956 रोजी आमच्या बीदर जिल्ह्याच्या वाटण्या झाल्या, तेव्हा उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, भालकी म्हैसूर राज्यात आली, आणि ज्यांना उर्दूही वाचता येत नसे व मराठीही येत नसे, अशा अंमलदारांपुढे इंग्रजी अर्ज गुदरण्याची पाळी वडिलांवर आली. तर्खडकरांच्या ‘भाषांतर पाठमाले’च्या बळावर, चाळिशी उलटल्यावर, त्यांनी चूंकि-लिहाजाची ती जोडी जशीच्या तशी विलायती केली: ‘ॲज माय बुलक इज डाइड, देअरफोर युअर ऑनर मे काइंडली...’ अर्ज मंजूर झाला, हे सत्याला स्मरून नमूद केले पाहिजे.

पुढे मी इंग्रजीचा मास्तर झालो, आणि जे वडिलांनी पेरले ते तांबड्या पेन्सिलीने निंदत राहणे हा माझा चरितार्थ ठरला. ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट आय केम’ हे वाक्य मी इतक्या वेळा दुरुस्त केले आहे की पाऊस आला म्हणजे माझा हात आपोआप ‘बट’ खोडण्यासाठी वळतो. ‘जरी’ आले की ‘तरी’ यायचेच, ‘जर’ आले की ‘तर’ यायचेच, ही आमच्या भाषेची बैलजोडी. इंग्रजीचा मात्र एका घोड्याचा टांगा. ‘ऑल्दो’ जुंपलात तर ‘बट’ गोठ्यात राहू द्या, ‘बट’ जुंपायचा असेल तर ‘ऑल्दो’ला चारा घाला, दोघे एकदम जुंपाल तर टांगा उलटलाच. हे समजावल्यावर मागच्या बाकावरून विचारणा झाली, “पर सर, एका बैलानं नांगर कसं चालंल?” मला उत्तर सुचले नाही.

दुसरा दोष दोन स्वतंत्र वाक्यांना नुसत्या स्वल्पविरामाने जोडण्याचा. त्यासाठी मी शेताचा दाखला देई: दोन वेगळ्या सर्व्हे नंबरांमध्ये काकरीची रेघ ओढून भागत नाही, बांध घालावा लागतो. म्हणजे पूर्णविराम द्या, अर्धविराम द्या, किंवा ‘अँड’सारखा एखादा पंच मध्ये बसवा. शेतकऱ्यांची मुले ती, त्यांना बांध कळला. इतका कळला की पुढल्या आठवड्यात प्रत्येक तीन शब्दांमागे एकेक बांध घालून, अर्धवट तुकड्यांची भाऊबंदकी वहीभर मांडून त्यांनी ती मजपुढे ठेवली. ‘बिकॉज माय फादर इज इल.’ पूर्णविराम. वडील आजारी आहेत खरे, पण म्हणून काय झाले, याचा पत्ता पुढच्या सर्व्हे नंबरातही नाही.

एका विद्यार्थ्याने दत्तजयंतीच्या यात्रेचे वर्णन लिहिले: ‘गोइंग टु माणिकनगर बाय बस, द टायर बर्स्ट.’ मी म्हणालो, “बाळ, या वाक्यात प्रभूंच्या दर्शनाला टायर चालले आहे. जो ‘गोइंग’ आहे, तोच स्वल्पविरामानंतर ताबडतोब हजर झाला पाहिजे. ‘व्हाइल वुई वेअर गोइंग’ असे लिही, म्हणजे जाणारे तुम्ही आणि फुटणारे टायर, अशी वाटणी स्वच्छ होईल.” तो विचारात पडला आणि म्हणाला, “पर सर, टायर बी बसनंच चाललं होतं की!” व्याकरणाचा पराभव वस्तुस्थितीने होतो, तो असा.

रेन आणि मार्टिन या जोडगोळीचे व्याकरण आम्ही वापरीत असू. त्यांतले रेनसाहेब ‘बो जेस्ट’ ही वाळवंटातल्या शिपायांची कादंबरी 1924 साली लिहून ख्यातकीर्त झालेले गृहस्थ, म्हणून कवाईत त्यांना प्रिय. आधी कर्ता, लगोलग क्रियापद, मागून बाकीचे लटांबर. पण आमच्या मुलखात मराठी, कानडी, दखनी आणि तेलुगू या चौघी, इतर बाबतींत कितीही भांडोत, क्रियापद शेवटी ठेवण्यात एकमत आहेत. ‘उद्या येतो म्हणून सांगितला’ यातल्या ‘म्हणून’च्या जागी कानडीत ‘अंत’ बसतो, दखनीत ‘बोलके’. वाक्याची चौकट हलत नाही. अशा चौघींच्या पंचायतीपुढे एकटी इंग्रजी उभी राहिली तर ‘टुमॉरो आय विल कम सेइंग ही टोल्ड’ असाच निवाडा व्हायचा.

दुसऱ्याचे कुसळ काढण्याच्या या व्यवसायात स्वतःचे मुसळ मला पुण्यात दिसले. तेथील व्याह्यांना मी सहज म्हणालो, “मी कालच सगळं काम केलो.” व्याहीबुवांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि मृदू स्वरात म्हणाले, “केलं. मी काम केलं.” मी म्हणालो, “तुम्हीही केलात का? बरं झालं!” मागाहून उमगले की कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे क्रियापद फिरवण्याचा पुणेरी कायदा सीमेवर येईतो ढिला पडतो, कानडीत क्रियापद कर्त्याचे ऐकते, दखनीत ‘मैं काम किया’ म्हणताना ‘ने’ची जकात कोणी भरीत नाही, आणि त्यांच्या शेजारी पिढ्यानपिढ्या राहून आम्हीही ती चुकवीत आलो आहोत.

निवृत्तीनंतर माझ्या जुन्या थकबाकीसंबंधी एका कचेरीकडे मी अर्ज केला. उत्तर इंग्रजीत आले: ‘बीइंग अ व्हेरी ओल्ड केस, द अंडरसाइन्ड इज अनेबल टु ट्रेस द फाइल.’ म्हणजे जुनाट प्रकरण कोण, तर खाली सही करणारे साहेब! चौतीस वर्षांची सवय. हात आवरला नाही. ‘ॲज धिस इज अ व्हेरी ओल्ड केस’ अशी तांबड्या पेन्सिलीने दुरुस्ती करून, समासात दहापैकी चार गुण देऊन, तो कागद मी रजिस्टर टपालाने परत धाडला.

महिन्याने जबाब आला. या वेळी तो निर्दोष कानडीत होता. पानभर एकच वाक्य. माझ्या सेवेचा आदरपूर्वक उल्लेख, अर्जाचा तपशील, आवक क्रमांक, तारीख, सरकारी ठरावांचे हवाले, सगळे एकाच दाव्याला बांधलेले, कोठे बोट ठेवायला जागा नाही. वडिलांची आठवण झाली. मी क्रियापदाच्या शोधात ओळीमागून ओळ उतरत गेलो, आणि अगदी शेवटी ‘साध्य’ हा आपला ओळखीचा शब्द दिसताच घरात हाक मारून चहा टाकायला सांगितला. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिले, तर त्याच्या शेपटाला नकाराचे ‘इल्ल’ जोडलेले होते: साध्यविल्ल.