बुडखा समिती

गुलमोहर पडला तो मे महिन्याच्या अखेरीस, वळवाच्या पावसात, आणि पडला तोही मोठ्या समंजसपणे. एकही गाडी त्याने चेपली नाही, विजेची तार तोडली नाही. कमरेएवढ्या उंचीवर खोड मोडलं आणि पुण्यातल्या त्या जुन्या सोसायटीच्या मागच्या आवारात झाड निमूट आडवं झालं. अग्निशमन दलाची माणसं आली, वाटेतल्या फांद्या कापून रस्ता मोकळा केला आणि पुढच्या पडझडीकडे गेली. मागे उरला फांद्यांचा एक डोंगर आणि जमिनीत पाय रोवून बसलेला बुडखा.

प्रस्तुत लेखक या प्रकरणात आला तो केवळ एका जुन्या पापामुळे. दहा वर्षांपूर्वी त्याने एका दिवाळी अंकात झाडांवर हळवा लेख लिहिला होता. सोसायटीच्या बैठकीत सेक्रेटरीबाईंनी त्याची आठवण काढली, ‘झाडांमधलं तुम्हाला कळतं’ असं सर्वांसमक्ष जाहीर केलं, आणि प्रस्तुत लेखक टाळ्यांच्या गजरात बाग समितीचा अध्यक्ष झाला. समितीत आणखी कोणी नव्हतं.

ढिगाची विल्हेवाट लावायची म्हणजे नियम आले. घनकचरा व्यवस्थापनाचे तेव्हाचे, २०१६ चे नियम म्हणत की बागेतला कचरा आपल्याच आवारात वेगळा ठेवा आणि महापालिका सांगेल तशी त्याची वाट लावा. जाळू मात्र नका. घंटागाडीवरच्या ताई ढिगाकडे बघून नुसत्या हसल्या. सेक्रेटरीबाईंची काळजी निराळी होती. वृक्ष संरक्षणाच्या १९७५ च्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षांवरची झाडं ‘हेरिटेज’ ठरली, तेव्हा गुलमोहराचं वय किती, हे आधी ठरवावं असं त्यांचं म्हणणं. सोसायटीतल्या सर्वांत जुन्या आजोबांनी शपथेवर सांगितलं की झाड त्यांनीच लावलं आणि सोसायटी अजून चाळिशीच्याही आत आहे. पंचनामा झाला. जाड ओंडके वखारवाला घेऊन गेला. उरलेल्या फांद्यांसाठी चिपर घ्यायचा, त्यांच्या ढलप्या करून बागेत पसरायच्या, असा ठराव आला.

‘किती एचपीचा?’ पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअर काकांनी विचारलं. बोअरवेलच्या पंपावर वाढलेल्या पिढीला यंत्राचं दुसरं माप ठाऊकच नसतं. काकांच्या मते पंधरा एचपीच्या खाली उतरणं म्हणजे सोसायटीची नामुष्की. खजिनदारांच्या मते तीनच्या वर जाणं म्हणजे दिवाळखोरी. चर्चा नऊ एचपीवर स्थिरावली. यामागे तांत्रिक कारण एकच : तीन आणि पंधरा यांची सरासरी नऊ येते.

खरा फरक दुकानात गेल्यावर कळला. फांद्या खाणारी यंत्रं दोन जातींची. एक चिपर, दुसरं श्रेडर. चिपर म्हणजे अडकित्ता : एक पातं फिरतं, एक पातं जागेवर घट्ट, आणि दोघांच्या फटीत फांदी सापडली की सुपारीसारखी स्वच्छ ढलपी. श्रेडर म्हणजे खलबत्ता : आत हातोडे गरगरतात आणि पालापाचोळा, काटक्या, सुकी फुलं जे येईल ते ठेचून काढतात. खलबत्त्यात सुपारी कातरली जात नाही आणि अडकित्त्यात आलं ठेचलं जात नाही. पण जाहिरातीत दोन्ही एकच असल्यासारखी मिरवतात, आणि चिपरमध्ये सारा पाला सारून पाहिलेला माणूसच मागाहून कपाळाला हात लावतो.

मोठ्या चिपरना फांदी आत ओढायला दातेरी लाटा असतात, रसवंतीतल्या चरकासारख्या. चांगल्या यंत्रात एक शहाणपण घातलेलं असतं : जाड फांदीने इंजिनाचे फेरे मंदावले की लाटा आपोआप थांबतात, इंजिनाने दम घेतला की पुन्हा चालू होतात. तोंडातला घास गिळल्याशिवाय पुढचा घास नाही. लहान यंत्रात लाटा नसतात, तिथे फांदी वरून सोडायची आणि तिच्या वजनाने ती खाली जाते. हे शहाणपण मग यंत्राऐवजी माणसापाशी असावं लागतं, आणि मग अडचण होते.

विक्रेत्याने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. परदेशातल्या बर्फाळ गावात कुणी दाढीवाला चार इंची फांद्या एकामागून एक यंत्रात सोडत होता. काय त्या फांद्या! पट्टी लावून वाढल्यासारख्या. ‘चार इंच क्षमता’ हा आकडा अशा सरळ, मऊ लाकडाच्या भरवशावर छापलेला असतो. आपला गुलमोहर वाढतो तो सरकारी कामासारखा, दर हातावर वळण घेत. तीन इंची फांदीला कोपर असलं की ती चार इंची तोंडात आडवी बसते आणि हलत नाही. कोपरं आधी कोयत्याने छाटावी लागतात, म्हणजे निम्मं काम यंत्राबाहेरच. माळीमामांनी ढिगाभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला, ‘साहेब, मनगटाएवढ्या फांद्या लय. त्याच खाईल असं घ्या. मांडीएवढी वर्षातनं एकदा येती.’ एवढं साधं वाक्य तीन कोटेशनांत कुठे नव्हतं.

मोटरवर चालणारा घ्यावा तर पाच एचपीच्या वर तीन फेजची जोडणी लागते आणि मीटरची खोली पुढच्या फाटकाशी. म्हणून पेट्रोलचा, चाकांवरचा, आणि मामांच्या मापाने साडेसहा एचपीचा आला. काका त्या दिवशी गच्चीतूनही बघायला आले नाहीत.

यंत्राचं कूळ तसं जुनं. चिपरचा जनक म्हणून नाव घेतलं जातं ते जर्मनीतल्या मास्ब्यूल गावच्या पीटर येन्सन यांचं, साल १८८४. पण मामांनी झाकण उघडून आत डोकावलं आणि म्हणाले, ‘ही तर कडबाकुट्टी.’ खरंच आहे. जड चाक, त्याच्यावर पाती, समोर फट. गावोगावी गोठ्याशेजारी उभं असलेलं ते यंत्र आणि हे यंत्र एकाच घरातलं, फक्त याने वैरण सोडून लाकूड खायला घेतलं. सेक्रेटरीबाईंना मात्र वेगळं नातं आठवलं. त्यांनी १९९६ सालचा कोएन बंधूंचा ‘फार्गो’ हा सिनेमा पाहिला होता, त्यात प्रेत चिपरमध्ये घालतात. त्यातला चिपर आता अमेरिकेतल्या फार्गो शहराच्या पर्यटक केंद्रात मांडलाय आणि लोक त्याच्याशेजारी उभं राहून हौसेने फोटो काढतात. बाई यंत्राच्या दहा फुटांत कधी आल्या नाहीत.

भीती अगदीच खोटी नव्हती. सैल बाही, उपरणं, ओढणी, गळ्यातली ओळखपत्राची दोरी, यांतलं काहीही फांदीबरोबर आत जाऊ शकतं. फांदीचं जाड टोक आधी घालायचं, बाजूला उभं राहायचं, अडकलेली फांदी हाताने नाही तर दुसऱ्या फांदीने ढकलायची. आणि इंजिन बंद केलं म्हणजे चाक थांबलं असं नाही. जड चाक बराच वेळ फिरत राहतं. झाकण उघडायचं ते चाक पूर्ण थांबल्यावर आणि स्पार्क प्लगची टोपी काढल्यावर.

पहिले चार दिवस छान गेले. ढलप्या पडत होत्या, मुलं पोत्यात भरत होती. पाचव्या दिवशी कुणीतरी उत्साहाने नारळाच्या झावळ्या आणून टाकल्या. झावळीचे तंतू कापले जात नाहीत, गुंडाळले जातात. अर्ध्या तासात दांड्याभोवती असा काथ्या वळला गेला की कोकणातल्या सुंभवाल्यानेही मान डोलवावी. मामांनी तो चाकूने सोडवला. सहाव्या दिवशी खण्णकन आवाज झाला.

आवाज खिळ्याचा होता. गुलमोहराच्या अंगावर वर्षानुवर्षं पाट्या लागल्या होत्या : गणिताचे क्लासेस, योगवर्ग, भाड्याने देणे आहे. पाट्या गेल्या, खिळे राहिले, आणि झाडाने शांतपणे वर साल वाढवून ते पोटात घेतले. पुण्या-मुंबईत झाडं खिळेमुक्त करण्याच्या मोहिमा निघतात तेव्हा लोकांना ती भूतदया वाटते. चिपरवाल्याला तो धंद्याचा प्रश्न वाटतो. चाकावरच्या दोन्ही पात्यांना तांदळाएवढी खाच पडली होती.

खाच पडल्यावर यंत्र चालतं, हेच वाईट. धारदार पात्याची ढलपी नाण्यासारखी सुटी, कडा स्वच्छ. बोथट पातं लाकूड कापत नाही, कुरतडतं. शेवग्याच्या शेंगेचा चोथा असतो तशा रेषा बाहेर येतात, भुसा उडतो, इंजिन कण्हतं, हँडल थरथरतं. आपण मात्र इंजिन कमी पडतंय म्हणतो. काका तर वाटच बघत होते. ‘मी पंधरा म्हटलं होतं,’ ते जिन्यातून म्हणाले.

मामांनी आठवडी बाजारातल्या एका मिस्त्रींचा पत्ता दिला, कडबाकुट्टीची पाती लावण्यात हयात गेलेले. ते आले, एक पातं उन्हात धरलं, अंगठ्याचं नख कडेवरून अलगद फिरवलं आणि म्हणाले, ‘ह्याला दुसरी बाजू आहे की.’ पात्याला दोन्ही कडांना धार असते आणि एक बाजू गेली की उलटं करून बसवायचं, हे माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं. पुस्तिका खजिनदारांच्या फाईलमध्ये सुरक्षित होती. मग बोल्ट उघडले, पात्याखालचा चिकट रस आणि भुसा रॉकेलच्या बोळ्याने पुसला, कारण तिथे कचऱ्याचा एक कण राहिला तरी पातं वाकडं बसतं. दोन्ही पाती जोडीनेच लावायची, एक घासलं तर दुसरंही तेवढंच, नाही तर चाकाचा तोल जातो. शेवटी फट. पुस्तिकेत ती मिलिमीटरच्या आसपास दिली होती आणि मोजायला फीलर गेज सांगितला होता. मिस्त्रींनी खिशातून एक लग्नपत्रिका काढली, चौपदरी घडी केली, फिरत्या आणि स्थिर पात्यांमध्ये सरकवली आणि चाक हाताने फिरवून बघितलं. पत्रिका अडली नाही, सैलही पडली नाही. मग बोल्ट आवळले, पट्ट्याचा ताण अंगठ्याने दाबून पाहिला (नवा पट्टा पहिल्या काही तासांत सैलावतोच, हे त्यांनी जाता जाता सांगितलं), बेअरिंगला ग्रीसचे दोन पंप मारले. तिसरा मारायला निघालेल्या प्रस्तुत लेखकाचा हात त्यांनी धरला. ‘जास्तीच्या ग्रीसनं पण बेअरिंग तापतं, साहेब.’

प्रस्तुत लेखकाने नंतर गेज लावून पाहिला. फट पुस्तिकेत होती तेवढीच भरली.

आता बुडखा. त्याला खणून काढायचा म्हणजे पहार, कुऱ्हाड आणि चार माणसं, नाही तर जेसीबी. जेसीबी आणला की बागेत बाग उरत नाही. बुडखा दळणारं यंत्र १९५० च्या दशकात अमेरिकेत आयोवातल्या गॅरी व्हर्मीर यांनी बाजारात आणलं. ते बुडखा उपटत नाही. दातेरी चाक उभं फिरत बुडख्यावरून डावी-उजवीकडे झुलतं आणि थर-थर उडवत वीतभर खोल जातं. दातांच्या टोकाला टंगस्टन कार्बाइड, भिंतीला भोक पाडायच्या ड्रिलला असतं तेच. असलं यंत्र एका बुडख्यासाठी विकत घेणं म्हणजे एका लग्नासाठी घोडा विकत घेणं, तेव्हा भाड्याने.

‘किती एचपी?’ काका.

यंत्रवाल्याने उत्तर दिलं नाही. त्याने विचारलं, ‘फाटक किती इंच?’ फाटक बत्तीस इंच होतं, यंत्र पस्तीस. फाटकाचं एक दार बिजागरीवरून उतरवण्यात सकाळ गेली. मग त्याने जमिनीखालचे पाइप आणि केबल कुठून जातात ते विचारलं. तो नकाशा सोसायटीत एकाच ठिकाणी होता, जुन्या प्लंबरच्या डोक्यात, आणि प्लंबर गावी गेला होता. फोनवर त्याने पायऱ्या मोजायला लावून पाइप दाखवला. चार फूट सोडून काम सुरू झालं.

सगळी सोसायटी गॅलरीत जमली. लाकूड भराभर उडालं. पण पुणं दख्खनच्या काळ्या पत्थरावर बसलंय आणि त्यावर बिल्डरने राडारोडा भरलेला. मुळांनी तो मिठीत घेतला होता. ठिणग्या उडाल्या तशा टाळ्याही पडल्या. यंत्रवाल्याने मात्र लगेच थांबून दात पाहिले, तीन बोथट झाले होते. बोल्ट सैल करून त्याने ते गोल दात थोडे फिरवले, कोरी कड समोर आली, काम पुढे चालू.

संध्याकाळी बुडखा नव्हता, पण बुडख्याच्या तिप्पट भुसा होता. खजिनदारांनी तो खड्ड्यात भरून लगेच नवं झाड लावू म्हटलं. ते थांबवावं लागलं : लाकडाचा भुसा कुजताना मातीतलं नत्र स्वतःच खातो, रोप पिवळं पडतं, खड्डाही खचत जातो. खड्ड्यात माती गेली. भुसा शेणाबरोबर खताच्या हौदात, ढलप्या झाडांभोवती दोन-तीन इंचांच्या थराने, खोडाला न भिडवता.

आता चिपर मागच्या आवारात ताडपत्रीखाली असतो. ढलप्यांसाठी रांग लागते, प्रत्येकी दोन पोती, तिसऱ्यावरून दोन घरांत अबोला आहे. खाच पाडणारा खिळा खजिनदारांनी व्हाउचरला टाचून ठेवलाय. सेक्रेटरीबाईंनी लॅमिनेट केलेली सूचना तयार केली : ‘यंत्रात खिळे, तारा, नारळाच्या झावळ्या टाकू नयेत. हुकुमावरून.’ पाटी सर्वांना दिसेल अशी लावा, असं त्यांनी वॉचमनला बजावलं. त्याने ती यंत्राशेजारच्या कडुलिंबावर लावली. चारही कोपऱ्यांत एकेक दोन इंची खिळा, चांगला डोक्यापर्यंत ठोकून.