साडेअकरा गुंठ्यांचा बाप

महाड-पोलादपूरच्या गड्याला शेतीची ओढ कधी लागते? मृग लागल्यावर नाही. पोटगीचं समन्स लागू झाल्यावर.

कालपर्यंत हा एमआयडीसीत शिफ्टला जात होता, नाहीतर विरारला खोली घेऊन मुंबईत नोकरी करत होता. गावची जमीन किती, असं विचारलं तर 'आबांना माहीत' म्हणून मोकळा व्हायचा. बेलिफाने हातात कागद ठेवला की आठवड्याभरात त्याच्या अंगात बळीराजा संचारतो. शपथपत्रात येतं : व्यवसाय शेती. साडेअकरा गुंठे वरकस, तीही सामायिक. सात-बाऱ्यावर तेवीस नावं, त्यातली नऊ कधीच देवाघरी गेलेली. पीक नाचणी आणि वरी, आणि ते वानरं नि डुकरं खातात. थोडक्यात उत्पन्न वानरांना आहे, पोटगी त्यांच्याकडून वसूल व्हावी, ही विनंती.

सुप्रीम कोर्टाला ही जात ठाऊक असावी. ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात त्यांनी सांगून टाकलं की पोटगीच्या दाव्यात नवरा-बायको दोघांनीही मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र द्यायचं. नमुनाही जोडून दिला. शेतकऱ्यांसाठी तर वेगळा नमुना आहे : जमीन किती, पीक कोणतं, जनावरांचं उत्पन्न किती, कर्ज किती. म्हणजे नुसतं 'मी गरीब शेतकरी' म्हणून भागत नाही, गरिबीचा तपशील द्यावा लागतो.

तो खटला आपल्याच नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेला. मूल झाल्यावर थोड्याच दिवसांत, जानेवारी २०१३ मध्ये, बाईने घर सोडलं. सप्टेंबरात अर्ज केला. अंतरिम पोटगीचा हुकूम झाला ऑगस्ट २०१५ मध्ये. पोराला आधीच्या दोन वर्षांचे महिना ५,००० आणि पुढे १०,०००. त्यावर बाप हायकोर्टात, तिथून दिल्लीला. दिल्लीचा निकाल लागला तोवर पाळण्यातलं पोर शाळेत जायच्या वयाचं झालं होतं. अंतरिम अर्ज ६० दिवसांत निकाली काढावा असं कायद्यात लिहिलंय, पण आधी 'शक्यतो' आहे. हा 'शक्यतो' केवढा लांब असतो ते मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाची वाट पाहणाऱ्या माणसाला मी काय सांगू!

पोटगीच्या कलम १२५ चं १ जुलै २०२४ पासून १४४ झालं. बाया मात्र अजून 'एकशेपंचवीस टाकलंय' असंच म्हणतात. आणि काही बापांच्या डोक्यात त्याहून जुना कायदा आहे. केंद्राच्या कायद्यात २००१ पर्यंत पोटगीला महिना ५०० रुपयांची मर्यादा होती. मर्यादा गेली, पण 'पाचशे देतो की' म्हणणारे गेले नाहीत.

समन्सापाठोपाठ दुसरी ओढ लागते, पोराची. बाई दोन वर्षं माहेरी. पोराला कावीळ झाली, पोर बालवाडीत गेलं, पहिलीत बसलं, बापाचा फोन नाही. तिने पोटगीचा अर्ज टाकला की महिन्याभरात याचा अर्ज : मुलाचा ताबा मिळावा, मुलाच्या भवितव्याची काळजी वाटते. मुलगी असेल तर ही काळजी जरा कमी वाटते, असा आपला माझा अनुभव. मग कोर्टाच्या व्हरांड्यात खांबाआड खरा सौदा होतो. 'तू पैशाचं सोड, मी पोराचं सोडतो.' तिला पोर हवं असतं, याला पैसे वाचवायचे असतात. सौदा जुळतो. शब्दही किती सोयीचा आहे बघा, ताबा! वरकशीचा ताबा, गाळ्याचा ताबा, पोराचा ताबा. फक्त वरकशीला दप्तर लागत नाही.

कोर्टाची पायरी नको असेल तर गावकी आहेच. बैठक गावात किंवा मुंबईला मंडळाच्या खोलीवर. मुलगा बापाचा, मुलगी आईची, असा पाच मिनिटांत निवाडा. भांडी वाटताना यापेक्षा जास्त वेळ लागतो. मग नोटरीसमोर सोडचिठ्ठी. शेवटची ओळ ठरलेली : 'मुलांच्या खर्चाशी लिहून देणाराचा काहीएक संबंध राहणार नाही.' २०२४ च्या ऑक्टोबरात शंभराचा स्टॅम्प जाऊन किमान पाचशेचा लागू लागला, तेवढंच लग्न मोडणं महागलं. वास्तविक पोराच्या पोटगीचा हक्क पोराचा. आईने सही केली म्हणून तो बुडत नाही. पण हे त्या बाईला सांगणार कोण? बायकांना आणि मुलांना सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही, तालुक्याला विधी सेवा समिती असते. पोलादपुरातल्या वरच्या वाड्यांत स्टॅम्पवाला आधी पोचतो, ही बातमी मागाहून.

आता महाडात राहून एक गोष्ट न बोलता कशी सोडू? २५ डिसेंबर १९२७ ला याच गावात बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली. बाप, मग नवरा, मग मुलगा, असा बाईवर पहारा लावणारी. एकोणतीस वर्षांनी, १९५६ मध्ये, हिंदू अज्ञान मुलांच्या पालकत्वाचा कायदा झाला. त्यात लिहिलं : नैसर्गिक पालक बाप आणि 'त्याच्यानंतर' आई. पाच वर्षांखालचं मूल मात्र सहसा आईकडे, म्हणजे रात्री जागायचं वय असेपर्यंत. १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 'त्याच्यानंतर' म्हणजे तो मेल्यावर असं नव्हे, तो असून नसल्यासारखा असेल तरीही, असा अर्थ लावला. कायद्यातला शब्द आहे तिथेच आहे. राखेतून एखादा कागद अर्धा जळका सापडावा तसा.

बापांनाच झोडपतोय असं वाटायला नको. एसटी स्टँडवर रविवारी बघा. कोर्टाने पहिला नि तिसरा रविवार दिलेला. बाप रात्रीच्या गाडीने अवघडत आलेला, पिशवीत रिमोटची गाडी. अकरा वाजतात, बारा वाजतात. फोन लागत नाही. मग मामाचा निरोप : पोराला ताप आहे. प्रत्येक पहिल्या नि तिसऱ्या रविवारी ताप, दुसऱ्या नि चौथ्याला पोर ठणठणीत. त्या बापाने गाडीची सेलसुद्धा आठवणीने आणलेली असतात. ती पिशवीतच परत विरारला जातात. गणपतीचं तर विचारूच नका. चाकरमानी बापाला पोर वर्षातून त्याच पाच दिवसांत हवं असतं, आणि आई बरोबर त्याच पाच दिवसांत पोराला मावशीकडे धाडते.

आणि या सगळ्यात पोर खरोखर असतं कुणाकडे? आई महाडात कुठल्या दुकानात किंवा मुंबईत घरकामाला, बाप विरारला. पोर वाडीवर आजीकडे. भाकरी तिची, गृहपाठाला शेजारची पोरगी. ताब्याच्या अर्जात आजीला रकाना नाही, आणि पोटगीतला हिस्सा तर तिने कधी मागितलाच नाही.

वसुलीचं एक बरं आहे. थकबाकी भरली नाही तर महिन्याला महिना कैद होऊ शकते, आणि आत जाऊन आलं तरी पैसे माफ होत नाहीत. हे कळल्यावर कितीतरी शेतकऱ्यांना पुन्हा नोकऱ्या लागल्या आहेत.

परवाचंच. आमच्या साडेअकरा गुंठेवाल्याची उलटतपासणी चालली होती. शपथपत्रात जनावरांच्या रकान्यात एक म्हैस, उत्पन्न शून्य. बाईच्या वकिलाने सहज विचारलं, 'मग म्हशीला महिन्याला खर्च किती येतो हो?'

गडी खुलला. एवढ्या वेळात पहिल्यांदा माहितीचं काहीतरी विचारलं होतं. 'सरकी पेंड आहे, भुसा आहे, पेंढा विकत घ्यावा लागतो, मधे डॉक्टर. तीन हजार कुठे जातात कळत नाही साहेब. मुकं जनावर, त्याला उपाशी ठेवता येतंय थोडंच!'

'आणि मुलासाठी दीड हजार जास्त होतात असं तुमचं म्हणणं आहे?'

त्याने आपल्या वकिलाकडे बघितलं. वकीलसाहेब फाईलमध्ये काहीतरी शोधत होते.

'हो,' तो म्हणाला, 'पण त्याला आई आहे ना.'

टायपिस्टने विचारलं, हे घ्यायचं का?

'घ्या,' वरून आवाज आला, 'म्हशीसकट घ्या.'