उडाला की उडवला?

थंडी पडली की सुरतेत दुचाक्यांवर लांबलचक लेन्स दिसू लागतात. भेस्तान, पांडेसरा, उधन्याची आपली मराठी पोरंही रविवारी पहाटे डुमसच्या वाटेवरचं गवियर तळं गाठतात. पोरांना पक्ष्यांचं वेड लागलं, उत्तमच झालं. पण तळ्यावर पोचल्यावर टाळ्या कशाला पिटायच्या?

तर म्हणे, उडताना फोटो भारी येतो.

भारी? जरा नीट बघा. अख्खा थवा पाठमोरा, सगळ्यांच्या शेपट्या कॅमेऱ्याकडे. पळणाऱ्याची पाठ टिपायला लाखाची लेन्स कशाला हवी?

ही पाहुणी बदकं येतात मध्य आशियातून, सायबेरियातून, तिबेटकडून. त्यातल्या चक्रवाकाच्या अंगावर यंत्र बसवून माग काढला, तर हिमालय ओलांडताना तो ६,८०० मीटरपर्यंत चढल्याची नोंद मिळाली. एवढं करून आलेल्या जिवाला इथे काय हवं असतं? चरणं, विसावणं आणि परतीसाठी अंगात चरबी साठवणं.

तुमच्या प्रत्येक टाळीला तीच चरबी जळते.

बसलेलं बदक कंटाळवाणं वाटतं? मग तुम्ही थापट्या पाहिलाच नाही. फावड्यासारखी चोच पाण्यात घालून थवाच्या थवा गोल गोल फिरतो. पुढच्याच्या पायांनी ढवळून वर आलेलं मागचा चोचीच्या कडांवरच्या बारीक दात्यांनी गाळून घेतो. हा फोटो किती जणांकडे आहे? फार थोड्यांकडे. त्यासाठी बूड टेकून बसावं लागतं.

बसूही नका, सरळ आडवे व्हा. काठावर उभं राहून खाली नेम धरला की नुसती पाठ दिसते. लेन्स पाण्याच्या पातळीला आणा, सूर्य पाठीशी घ्या, फोकस डोळ्यावर ठेवा. वारा सुटायच्या आत पाणी स्थिर असतं, प्रतिबिंब फुकट मिळतं. कपड्यांना चिखल लागेल.

लागू द्या.

आणि घाई कसली? हंगामाच्या सुरुवातीला येणारे नर बरेचदा मळकट, मादीसारखेच दिसतात. तलवार बदकाचा नर खरा नटतो तो हिवाळा पुढे सरकल्यावर. तोवर त्याला सुखानं चरू द्याल, तर तुमचाच फोटो सुधारेल.

थांबायचं कुठे, हे बदकच सांगतं. चरणं बंद, माना ताठ, सगळा थवा एका दिशेला सरकू लागला की समजा, हद्द आली. आता पाऊल मागेच पडलं पाहिजे.

तापीवरची गोष्ट तर आणखी वेगळी. तिथे कुरवांना गाठिया फेकतात, म्हणजे थवा डोक्यावर येतो आणि फोटो जमतो. तळलेलं, खारट बेसन कुठल्या पक्ष्याचं अन्न आहे?

‘आम्ही काय बंदूक आणली होती का?’ असं कुणी विचारेलच. त्यानं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातली शिकारीची व्याख्या वाचावी. वन्यप्राण्याला हाकणं आणि आमिष दाखवणं, दोन्ही तिच्यात बसतं.

बंदुकीची गरजच नाही.

गावी जाताना एकदा वाट वाकडी करून निफाड तालुक्यातल्या नांदूर मधमेश्वरला जा. गोदावरी-कादवा संगमावरचं हे पाणी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. तिथे मनोऱ्यावरून दुर्बीण लावून पाहता येतं. बदकं त्यांच्या जागी, माणसं आपल्या जागी. कुणाचंच काही अडत नाही.

तेव्हा ग्रुपवर किंवा स्पर्धेत उडत्या थव्याचा फोटो आला की आधी विचारा, थवा उडाला की उडवला? ज्याला उत्तर देता येत नाही त्याला लाइक नाही, बक्षीस तर नाहीच नाही.