हंगामी पडदेवाला

हंगामी पडदेवाला म्हणजे पारनेर तालुक्यात नवा आरसीसी बंगला बांधून, वास्तुशांत उरकून, खिडक्यांना हाती लागेल ते लावणारा गृहस्थ. कोणी विचारले की तो ‘तात्पुरतं हाय’ असे सांगतो. धाकटी मुलगी तेव्हा बालवाडीत असते. ती दहावीला गेली तरी उत्तर तेच असते. पारनेरच्या नव्या प्लॉटिंगमध्ये, सुप्याच्या हमरस्त्याकडेला आणि कान्हूर पठारावरच्या मळ्यांत हा मुबलक आढळतो. मुंबईत उभी हयात नोकरी करून गावाकडे घर बांधणारा पारनेरकर हा त्याचाच उपप्रकार. फरक एवढाच, की तो दिवाळी आणि यात्रा सोडून घर उघडतच नाही, त्यामुळे त्याचे तात्पुरते जास्त टिकते.

जुन्या घरात हा माणूस निपजत नव्हता. धाब्याच्या घराला हात-दीड हात जाडीच्या भिंती, आणि खिडकी म्हणजे उंचावरचा एक झरोका. त्यातून आत पाहायचे तर शिडी आणावी लागे, आणि शिडी घेऊन आलेला माणूस आळीत लपत नसे. कापड लागायचे ते माजघराच्या दाराला, तेही जुन्या लुगड्याचे. मग स्लॅब आला. गृहस्थाने पुण्यातल्या मेहुण्याचा फ्लॅट पाहिला आणि हॉलला सहा बाय चार फुटांची सरकती अ‍ॅल्युमिनियमची खिडकी काढायला मिस्त्रीला सांगितले. मेहुण्याचा फ्लॅट पाचव्या मजल्यावर होता, ही बाब तेव्हा कोणी ध्यानात घेतली नाही. याची खिडकी रस्त्यापासून दहा फुटांवर असते, आणि रस्त्याने गाव जाते.

बांधकामाच्या अंदाजपत्रकात विटा, वाळू, सळई, फरशी, पीओपी, नळ आणि कुंपणाच्या फाटकावरचे सिंहसुद्धा असतात, पडदे नसतात. ते आठवतात मुक्कामाच्या पहिल्या रात्री, दिवा लावल्यावर. त्या वेळी रॉड बसवायचा म्हटले तर ड्रिलने भिंतीला भोके पाडावी लागतात. पुट्टी आणि रंगाचे बिल अजून खिशात असल्याने गृहस्थ त्याला हरकत घेतो. ‘आवो, निदान दोन खिळे तरी ठोका,’ असे घरची मंडळी म्हणते. खिळाही ठोकला जात नाही. म्हणून या घरांतली सर्व आच्छादने काचेला चिकटवलेली, ग्रिलला बांधलेली किंवा सरकत्या खिडकीच्या पट्टीत खुपसलेली असतात.

पहिला क्रम वर्तमानपत्राचा. ते गृहस्थ लावत नाही. काचेवर रंग उडू नये म्हणून रंगाऱ्याने लावलेले असते, आणि रंगारी उरलेली मजुरी मागायला येईपर्यंत ते काढण्याची जबाबदारी कोणाची हे ठरत नाही. मजकूर आतल्या बाजूला येत असल्यामुळे सोफ्यावर बसलेला पाहुणा चहा होईपर्यंत तो वाचतो. केंद्राने ८ डिसेंबर २०२३ पासून लागू केलेली कांदा निर्यातबंदी ४ मे २०२४ रोजी उठली. कित्येक खिडक्यांवर ती अजून चालू आहे आणि तिच्यावर रोज नव्याने चर्चा होते. १९७१ च्या युद्धात अंधाराच्या हुकुमामुळे मुंबईतल्या चाळींच्या काचांनाही कागद लागले होते, पण ते युद्ध तेरा दिवसांत संपले. पारनेरच्या कागदाला असा अंत ठरवून दिलेला नसतो. पश्चिमेच्या खिडकीवर उन्हाने सेलोटेप भाजून काचेशी एकजीव होते. पुढे तिला थिनर आणि पत्रा घेऊनच खरवडावे लागते.

कागदानंतर साडी येते, आणि या विषयातला सर्वांत समृद्ध भाग हाच आहे. वास्तुशांतीच्या आहेरात आलेल्या बऱ्याच साड्या नेसण्यासाठी नसतातच, त्या एका कार्यातून दुसऱ्या कार्यात फिरण्यासाठी असतात. सुप्याहून निघालेली साडी टाकळी ढोकेश्वर, अळकुटी, निघोज करीत पुन्हा सुप्यात पोचल्याचे जाणत्या बायका शपथेवर सांगतात. अशा साडीला खिडकीत प्रथमच कायमचा मुक्काम मिळतो. मापातही ती चोख बसते. सहावारी साडी लांबीला साधारण अठरा फूट आणि पन्ह्याला पावणेचार फूट भरते. सहा फुटी खिडकीवर ती आडवी चुणून टाकली की तिप्पट चुण्या पडतात. विकतच्या पडद्याला एवढे कापड कोणी देत नाही. अडचण एकच, साडी देणारी बाई पुन्हा येते. त्यामुळे घरात एक अलिखित वेळापत्रक असते. मामी येणार असली की मामीची साडी हॉलमधून न्हाणीघराच्या खिडकीवर जाते. नणंद येणार असली की नणंदेची साडी खिडकीवरून उतरून भावजयीच्या अंगावर चढते, आणि ‘तुम्ही दिलेलीच नेसले बघा’ असे म्हणता येते. चुण्यांवरून नणंदेला सर्व कळते. पण तिच्याही घराला खिडक्या असतात, म्हणून ती बोलत नाही.

मागच्या बाजूच्या खोलीला फ्लेक्स लागतो. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स बहुधा खिडकीच्याच मापाचा असतो, पावसाने भिजत नाही, उजेड अडवतो आणि कार्यक्रम झाल्यावर फुकट मिळतो. त्यात शास्त्रीय अडचण आहे ती चेहऱ्याची. चेहरा बाहेर ठेवला तर घर कोणाचे हे रस्त्यावरून जाणारा ठरवून टाकतो, आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत तो नेता त्याच पक्षात राहील याची हमी नसते. चेहरा आत घेतला तर आडोशासाठी लावलेल्या पडद्यातूनच कोणीतरी हात जोडून रात्रभर पाहत राहते. अनुभवी गृहस्थ पाठ बाहेर करतात, तोंड आत घेतात आणि तोंडावर कालनिर्णय टांगतात.

शेतकरी गृहस्थाकडे रोपवाटिकेतून उरलेले हिरवे शेडनेट असतेच. ते पन्नास टक्के, पंचाहत्तर टक्के असे सावलीच्या हिशेबाने मिळते. गृहस्थ पंचाहत्तर टक्क्यांचे लावतो आणि आपण तीन चतुर्थांश दिसेनासे झालो असे मानतो. ही टक्केवारी उन्हाची असते, नजरेची नसते. अंधारातून उजेडाकडे पाहणाऱ्याला दिसते, उलट दिशेने दिसत नाही, असा साधा नियम आहे. जाळी, पातळ कापड आणि बाहेरून आरशासारखी चकाकणारी मर्क्युरी काच या तिन्हींनाही तो लागू पडतो. गृहस्थ भर दुपारी रस्त्यावर उभा राहून ‘आतलं काही दिसत नाही’ अशी खात्री करून घेतो. संध्याकाळी दिवे लागले की नियम फिरतो, आणि समोरच्या किराणा दुकानातल्यांना आज याच्या ताटात पिठलं आहे की शेपू, हे कळते. ते त्याला हे सांगत नाहीत. सांगून त्यांचे नुकसानच होणार असते.

चादर, टॉवेल आणि खताच्या गोण्या उसवून शिवलेले पट्टे यांचा नुसता उल्लेख पुरे. कारण त्यांचा निकाल वारा लावतो. ज्या तालुक्यात सुप्याजवळच्या डोंगरांवर पवनचक्क्या उभ्या केल्या, तिथे आषाढात खिडकीच्या फटीत खुपसलेली चादर टिकावी ही अपेक्षाच चूक आहे. शेजारच्या वावरातून ती परत आणणे हे घरातल्या मुलांचे काम असते.

हा सर्व खटाटोप पैशाअभावी होतो, असा समज आहे. तो टिकत नाही. पीओपीच्या छतातल्या रंगीत दिव्यांच्या खर्चात सगळ्या खिडक्या दोनदा झाकून झाल्या असत्या. खरे कारण असे, की पडदे लागले म्हणजे घर पूर्ण झाले असे गाव धरून चालते. पूर्ण घराला प्रश्न विचारले जातात. ‘किती गेले, तात्या?’ हा पहिला. बांधकामाला हातउसने दिलेला साडू दुसऱ्याच आठवड्यात सहज म्हणून येऊन बसतो. सप्ताहाच्या वर्गणीची पावती एका शून्याने वाढते. मुंबईचे नातलग चार दिवस राहायला येतो म्हणतात. खिडकीवर पेपर असला की या सगळ्यांना एकच उत्तर देता येते, ‘अजून काम चालूय.’ रस्त्यावरची नजर त्या पेपराने अडत नसेल, देणेकऱ्याची बरोबर अडते. कांद्याला भाव आला की पडदे करू, असे गृहस्थ सांगतो. भाव येतो, त्या वर्षी बोअर घेतली जाते.

ही अवस्था संपते ती घरात सोयरीक निघाल्यावर. पाहुणे रविवारी येणार असे ठरले, की शनिवारी दुपारी गृहस्थ सपत्नीक अहिल्यानगरच्या कापड बाजारात दिसतो. तयार पडदा चार फूट रुंद मिळतो, उंची खिडकीला पाच आणि दाराला सात फूट. चुण्या नीट पडायच्या तर खिडकीच्या दुप्पट रुंदी लागते, म्हणजे सहा फुटी खिडकीला तीन पडदे. दुकानदार तीन सांगतो. गृहस्थाला त्यात कावा दिसतो आणि तो दोन घेतो. ते खिडकीभर ताणून लावले की चुण्या उरत नाहीत, कापड दोरीवर वाळत घातल्यासारखे दिसते. ज्या भोकांसाठी इतकी वर्षे थांबणे झाले, ती इलेक्ट्रिशियनचा पोऱ्या अर्ध्या तासात पाडतो. दोन गिट्ट्या, एक ब्रॅकेट, आणि खाली चिमूटभर पांढरी पूड. फक्त हॉलची खिडकी झाकली जाते, कारण पाहुणे तिथेच बसणार असतात.

सुपा एमआयडीसीतल्या कामगार पोरांच्या भाड्याच्या खोल्यांतही अशीच आच्छादने असतात, पण त्यांना या वर्गात धरू नये. त्यांचा करार अकरा महिन्यांचा, घर दुसऱ्याचे. खोली बदलली की भांड्यांबरोबर चादरही पुढच्या खिडकीवर जाते.

लग्न पार पडल्यावर सून येते, आणि सुनेसाठी वरचा मजला काढला जातो. खालच्या स्लॅबवर सळया त्यासाठीच उभ्या सोडलेल्या असतात. वरच्या खिडक्या खालच्यांपेक्षा एक फूट रुंद होतात. तिथे पडद्यांचा विषय निघालाच तर गृहस्थ म्हणतो, ‘एवढ्या उंचावर कोण बघायला येतंय?’ आणि रंगारी पेपर चिकटवायला घेतो.