खिळा काढणे : प्राथमिक अभ्यासक्रम

बार्शीटाकळीत धाब्याचं जुनं घर दुरुस्तीला काढलं की लोक आधी सिमेंटचा भाव काढतात. नवशिक्यानं आधी घरातले खिळे बघावेत. मातीच्या भिंतीतल्या सागाच्या खांबांवर तीन पिढ्यांनी आपापली सोय ठोकून ठेवलेली असते, तीही नेमकी खांद्याच्या उंचीवर. गावातल्या देवीच्या हेमाडपंती देवळात शके 1098 चा, म्हणजे इसवी सन 1176 चा शिलालेख आहे. दगडावर दगड चढवलेलं ते देऊळ अजून उभं आहे, कारण तिथे कालनिर्णय टांगायला कुणाला जागा सापडली नसावी.

साहित्य : हातोडी, पक्कड, जंबूर, लाकडाची एक ढलपी आणि पायात जाड तळाचे बूट. जंबूर आपल्या घरात नसतो, वाढईकडे असतो आणि वाढई मूर्तिजापूरला लग्नाला गेलेला असतो. थांबा. सब्बल हाती घेऊ नका. सब्बलीनं खिळा निघतो, पण सोबत भिंतही येते.

मुहूर्त मे महिन्याचा. पारा 45 ला टेकला की लाकूड वाळून आकसतं आणि खिळ्यावरची पकड ढिली पडते. पावसाळ्यात तेच लाकूड फुगून खिळ्याला धरून बसतं.

आता कृती. खिळा काढायचा तर आधी आत ठोकावा. एकच हलका ठोका. त्यानं गंजानं धरलेली कड सुटते. मग डोकं हातोडीच्या खाचेत अडकवून हातोडीखाली ढलपी सरकवावी. टेकू उंच झाला की खिळा न वाकता येतो आणि खांबावर वण उठत नाही. डोकंच झडलेलं असेल तर घाबरू नये. सागात मुळात तेल असतं, त्यामुळे आतलं लोखंड बहुधा धडधाकट राहतं, गंज खातो तो बाहेरचा भाग. अशा वेळी जंबूर लाकडाला लागून धरावा, खिळ्याला थोडा पीळ द्यावा आणि मग जंबूर एका अंगावर लोळवावा. किर्रर्र आवाज झाला की खिळा सुटला असं समजावं. आवाज ऐकून आजी आली असंही समजावं.

“त्या खियाले हात नोको लावू बापू. तुह्या आबाची छत्री राहे त्याच्यावर.”

छत्री गेली, आबाही गेले, खिळ्याचा सातबारा मात्र आबांच्याच नावावर. इथे वाद घालू नये. पुढच्या खिळ्याकडे वळावं. त्याच्यावर पोळ्याच्या घुंगरमाळा असतात. बैल विकून ट्रॅक्टर आला, तरी त्या तिथेच. त्यापुढच्यावर गजानन महाराजांचा फोटो. तो उतरवायचा तर काकांना विचारा. काका आईला विचारायला सांगतील आणि आई आजीकडे बोट दाखवेल. विजेची बिलं टोचलेली तार तेवढी बेवारस असते. तिच्यावर हात साफ करून घ्यावा.

मातीच्या भिंतीतला खिळा कोरडा ओढू नये, पोपडा हातात येतो. पाणी शिंपडून माती मऊ करावी, मग भोकात भुसा कालवलेली चिकणमाती भरावी. गंजका खिळा पायात गेलाच, तर हळद दाबून बसू नका. दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

एवढं करून आबांचा खिळा उरतोच. रंगाऱ्याला सांगून त्यालाही भिंतीचाच रंग मारून घ्या. दिवाळीला आलेल्या जावयाला तो दिसणार नाही, फक्त खांद्याला लागेल.